फुफ्फुसाचा कर्करोग आटोक्यात आहे, मग मांडीचे हाड का दुखते?

मूळ प्रश्न

माझ्या वडिलांचे वय ६४ वर्षे आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांना फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार) असल्याचे निदान झाले आणि त्याच वेळच्या पेट-सीटीत कमरेचे दोन मणके, डावीकडची एक बरगडी आणि उजव्या मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग येथेही रोग पोहोचलेला दिसला. ईजीएफआर जनुकात बदल आढळल्यामुळे किमो न देता ओसिमर्टिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. गोळीचा गुण चांगला आला. खोकला जवळजवळ थांबला, धाप कमी झाली, वजन दोन किलोंनी वाढले आणि तीन महिन्यांनंतरच्या सीटीत फुफ्फुसातली गाठ निम्म्याहून लहान झाल्याचे दिसले.

तरीही तीन गोष्टींमुळे मी गोंधळले आहे. पहिली गोष्ट अहवालातली. गाठ लहान झाली असे लिहिलेल्या त्याच अहवालात, पुढच्या परिच्छेदात, मणक्यांतल्या जागा आता पांढऱ्या व घट्ट दिसत असून माकडहाडाच्या वरच्या भागात पूर्वी न दिसलेला एक पांढरा ठिपका आढळला, असे म्हटले आहे. हा रोग वाढल्याचा पुरावा समजायचा का?

दुसरी गोष्ट उजव्या मांडीची. सुरुवातीला तेथे रात्री मंद ठणका असायचा आणि साध्या वेदनाशामक गोळीने तो शमायचा. गेल्या दहा दिवसांत दुखण्याचा स्वभावच बदलला आहे. बसून किंवा पडून असताना काही त्रास नसतो, पण उभे राहून उजव्या पायावर भार टाकला की मांडीच्या वरच्या भागात चमक येते. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हात दांड्यांवर रोवतात, क्षणभर थांबतात आणि पहिले पाऊल नेहमी डावेच टाकतात. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलेले नाही. मी पाहते आहे.

तिसरी गोष्ट उपचाराची. डॉक्टरांनी महिन्यातून एकदा घ्यायचे ‘हाडांचे इंजेक्शन’ सुचवले आहे, पण त्याआधी दात तपासून घ्या असे सांगितले. दंतवैद्यांच्या मते दोन दाढा काढाव्या लागतील. एवढ्या मोठ्या आजारात दाढांचे काय घेऊन बसलात, असे वडिलांचे म्हणणे आहे. रोगावरची गोळी लागू पडत असताना हाडांसाठी वेगळे इंजेक्शन कशाला, हे मलाही नीट समजलेले नाही. नातेवाइकांपैकी अर्धे जण त्यांना चालत ठेवा म्हणतात आणि अर्धे पलंगावरून उठू देऊ नका म्हणतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रतिसाद १ : कर्करोगतज्ज्ञ

तुम्ही मांडीच्या दुखण्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून आधी एवढेच सांगतो की त्या पायाचा एक्स-रे आज किंवा उद्या काढून घ्या आणि तोपर्यंत त्या पायावर भार देऊ नका. त्याविषयी अस्थिशल्यचिकित्सक अधिक सांगू शकतील. मी बाकीच्या दोन प्रश्नांकडे वळतो.

पांढऱ्या ठिपक्यांनी घाबरून जाऊ नका. फुफ्फुसाचा कर्करोग हाडात गेला की बहुतेक वेळा हाड पोखरतो आणि पोखरलेली जागा सीटीत काळी, पोकळ दिसते. उपचार लागू पडल्यावर शरीर त्या पोकळीत नवे हाड घालू लागते आणि तीच जागा पांढरी होत जाते. जे ठिपके आधी इतके बारीक होते की दिसतच नव्हते, तेही भरून येताना पहिल्यांदा नजरेस पडतात आणि अहवालात त्यांची ‘नवीन’ अशी नोंद होते. ईजीएफआरवरील गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत हा प्रकार चांगलाच परिचित आहे. गाठ निम्म्यावर आली आहे, वजन वाढते आहे, खोकला गेला आहे आणि केवळ हाडातले ठिपके पांढरे झाले आहेत, अशा वेळी अनुभवी डॉक्टर एवढ्यावरून चालू औषध बंद करत नाहीत. पुढच्या स्कॅनशी तुलना करून मग निर्णय घेतात. मात्र नवीन काळी, पोखरलेली जागा दिसली किंवा हाडाबाहेर मांसल गाठ वाढलेली दिसली तर तो वेगळा विषय आहे.

आता इंजेक्शनचा प्रश्न. हाड ही निर्जीव वस्तू नाही. त्यात जुने हाड विरघळवणाऱ्या पेशी आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी आयुष्यभर एकमेकींच्या मागोमाग काम करत असतात. कर्करोगाच्या पेशी स्वतः हाड फारसे खात नाहीत. त्या विरघळवणाऱ्या पेशींना चिथावणी देतात. त्या चिथावणीने हाड विरघळले की त्यात साठलेली वाढीस पोषक द्रव्ये बाहेर पडतात आणि ती पुन्हा कर्करोगाच्या पेशींनाच पोसतात. रोगावरची गोळी या चक्रातली कर्करोगाची बाजू दाबते, तर हाडांचे इंजेक्शन विरघळवणाऱ्या पेशींची बाजू दाबते. दोन्हींचे काम वेगळे असल्यामुळे एक चालू असताना दुसरे अनावश्यक ठरत नाही.

ज्याला आम्ही हाडांतील गुंतागुंत म्हणतो त्यात हाड मोडणे, मज्जारज्जू दबणे, हाडावर शस्त्रक्रिया करावी लागणे आणि हाडावर रेडिएशन द्यावे लागणे या चार गोष्टी मोजल्या जातात. रक्तातले कॅल्शियम वाढणे ही पाचवी गोष्टही काही जण त्यांतच धरतात. पुढच्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कर्करोगात साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांच्या हाडांत रोग पोहोचतो, त्यामुळे हा प्रश्न अपवादात्मक मुळीच नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फुफ्फुसाचा आणि इतर काही अवयवांचा कर्करोग हाडांत गेलेल्या रुग्णांना झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांचे इंजेक्शन देण्यात आले होते. निम्म्या रुग्णांत अशी पहिली गुंतागुंत होईपर्यंतचा काळ नुसत्या सलाइनच्या गटात १६३ दिवस होता आणि ४ मिलिग्रॅम औषध मिळालेल्या गटात २३० दिवस. म्हणजे औषध गुंतागुंत पुढे ढकलते, काहींची टाळते, पण सर्वांची टाळत नाही. त्याने आयुष्य वाढते अशी अपेक्षाही ठेवू नये. डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाबाबत फुफ्फुसाच्या कर्करोगात किमोसोबत तशी चाचणी मुद्दाम घेण्यात आली आणि आयुर्मानात फरक पडला नाही. हाड शाबूत राहावे, माणूस आपल्या पायांवर राहावा, एवढ्यासाठी हे औषध आहे, आणि माझ्या मते ते कारण पुरेसे आहे.

झोलेड्रॉनिक ॲसिड शिरेतून, किमान १५ मिनिटांत, दर तीन ते चार आठवड्यांनी देतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने प्रत्येक वेळी आधी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) पाहावे लागते आणि मूत्रपिंडाची क्षमता कमी असेल तर मात्रा कमी करावी लागते. ती क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. पहिल्या मात्रेनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. ती संसर्गाची नसते आणि पुढच्या वेळी सहसा येत नाही. डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम कातडीखाली, दर चार आठवड्यांनी देतात. त्यात मूत्रपिंडाची अडचण नाही, पण रक्तातले कॅल्शियम खाली जाण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्याच्या जोडीला हव्यातच, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढलेली बरी. आणखी एक फरक असा की झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षे टिकते, तर डेनोसुमॅबचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी कमी मात्रेत डेनोसुमॅब घेणाऱ्यांनी ते मध्येच सोडल्यावर एकापाठोपाठ मणके खचल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ते विचारल्याशिवाय थांबवू नये. झोलेड्रॉनिक ॲसिड दर तीन महिन्यांनी दिले तरी चालते असे तुमच्या वाचनात येईल. ते ज्या मोठ्या चाचणीवरून म्हणतात तीत स्तन व प्रोस्टेटचा कर्करोग आणि मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) यांचे रुग्ण होते, फुफ्फुसाचे नव्हते. काही डॉक्टर तो निष्कर्ष येथेही लावतात, पण तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असावा.

आणि दाढा. या दोन्ही औषधांमुळे हाडाची झीज थांबते तशी त्याची दुरुस्तीही मंदावते. जबड्याचे हाड रोजच्या चावण्याने आणि तोंडातल्या जंतूंमुळे सतत दुरुस्तीची मागणी करत असते. औषध सुरू असताना दात काढला तर ती जखम भरेलच असे नाही, हाड उघडे पडू शकते आणि महिनोन्‌महिने तसेच राहू शकते. वर्षाला शंभरात साधारण एक-दोन रुग्णांना हे होते. हे प्रमाण कमी वाटेल, पण ज्याला होते त्याचे खाणे-पिणेच अवघड होऊन बसते. म्हणून दाढा आधी काढा, हिरडी पूर्ण भरू द्या, त्याला दोन-तीन आठवडे किंवा थोडे अधिक लागतील, आणि मगच इंजेक्शन सुरू करा. वडिलांना सांगा की दाढा काढायच्या त्या याच आजारासाठी.


प्रतिसाद २ : अस्थिशल्यचिकित्सक

तुम्ही लिहिलेले ‘पहिले पाऊल नेहमी डावेच’ हे निरीक्षण माझ्या दृष्टीने अर्ध्या तपासणीइतके मोलाचे आहे. रात्रीचा ठणका हा रोगाचा असतो. भार टाकल्यावरच येणारी चमक ही हाड भार पेलू शकत नसल्याची असते. पहिला गोळीने कमी झाला आणि दुसरी नव्याने आली, यात विसंगती नाही. रोग मेला तरी त्याने केलेले भगदाड लगेच बुजत नाही. ते भरून यायला महिने लागतात आणि मधल्या काळात, रुग्णाला बरे वाटू लागल्यामुळे तो अधिक हिंडू-फिरू लागतो. हाड मोडण्याच्या दृष्टीने हाच काळ फसवा असतो.

अशा हाडाचे काय करायचे हे ठरवण्यासाठी आम्ही १९८९ सालापासून मायरेल्स यांची गुणपद्धत वापरतो. जागा, वेदना, पोखरण्याचा प्रकार आणि पोखरलेल्या भागाची रुंदी अशा चार बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. खुब्याजवळचा भाग म्हणजे ३ गुण. हालचाल किंवा भार यांमुळे होणारी वेदना म्हणजे ३ गुण. हाड निव्वळ पोखरलेले असेल तर ३, पोखरलेले आणि घट्ट झालेले असे मिश्र असेल तर २. उरते रुंदी. हाडाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी भाग गेला असेल तर १, एक ते दोन तृतीयांश असेल तर २ आणि त्याहून जास्त असेल तर ३ गुण. एकूण ९ किंवा अधिक गुण झाले तर हाड मोडण्याआधीच आत रॉड घालावा असे धोरण आहे. ८ गुणांना रुग्ण पाहून ठरवतात. तुमच्या वडिलांचे गुण, हाड मिश्र आणि रुंदी सर्वांत कमी गृहीत धरूनही, ३, ३, २ आणि १ मिळून ९ होतात. ही पद्धत काटेकोर नाही, ती जरा जास्तच हाडांना धोकादायक ठरवते असा तिच्यावर आक्षेप आहे आणि तो बरोबर आहे. परंतु खुब्याजवळ, भार टाकल्यावर दुखणाऱ्या हाडाच्या बाबतीत मी तो आक्षेप मनावर घेत नाही.

मोडण्याआधी रॉड घातला तर शस्त्रक्रिया नियोजित असते, रक्तस्राव कमी होतो आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत वॉकर घेऊन उभे राहतात. मोडल्यावर तेच काम घाईत, वेदनेत आणि कित्येकदा फुफ्फुसांची स्थिती बिघडलेली असताना करावे लागते. शिवाय कर्करोगाने पोखरलेले हाड साध्या अपघातातल्या हाडासारखे जुळेलच याची खात्री नसते.

एक्स-रे काढताना केवळ खुब्याचा काढू नका. गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीचा, समोरून आणि बाजूने, असा काढायला सांगा. त्याच हाडात खाली आणखी एखादी जागा असेल आणि रॉड तिच्या वरच संपला, तर पुढे हाड रॉडच्या टोकाशी मोडते. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी निश्चिंत होऊ नका, कारण हाडातला साधारण ३० ते ५० टक्के खनिज भाग गेल्याशिवाय तो एक्स-रेमध्ये उठून दिसत नाही. तशा वेळी सीटी किंवा एमआरआय करावा.

चालवायचे की झोपवून ठेवायचे, या वादात दोन्ही बाजूंचे नातेवाईक अर्धे बरोबर आहेत. आठवडेच्या आठवडे झोपून राहिल्याने स्नायू वितळतात, पायात गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो आणि हाडातले कॅल्शियम आणखी बाहेर पडते. त्यामुळे सरसकट विश्रांती हा उपचार नव्हे. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत, शस्त्रक्रियेचा निर्णय होईपर्यंत, उजवा पाय टेकू देऊ नका. वॉकर किंवा चाकांची खुर्ची वापरा. विशेषतः पाय जमिनीवर रोवलेला असताना अंग वळवणे टाळा. अशी हाडे पडल्याने मोडतात त्याहून जास्त वेळा वळताना मोडतात, आणि आधी हाड मोडते, मग माणूस पडतो. मांडीला मालीश करू नका आणि कमरेला झटके देणारे कोणतेही उपचार करू नका.


प्रतिसाद ३ : एका रुग्णाचा मुलगा

मी डॉक्टर नाही. मांडीविषयी वर सविस्तर आले आहे, पण कमरेचे दोन मणके हा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले.

माझ्या आईला फुफ्फुसाचाच कर्करोग होता आणि पाठीच्या मधल्या मणक्यांत तो गेलेला होता. तिला दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखू लागले. आडवे झाल्यावर, खोकल्यावर ते वाढायचे आणि रात्री ती उशांना टेकून बसूनच झोपायची. घराजवळच्या दवाखान्यात ते स्नायूंचे दुखणे ठरले, शेक आणि मलम यांत दोन आठवडे गेले. कर्करोगाच्या डॉक्टरांची पुढची तारीख जवळच होती म्हणून आम्ही मध्ये फोन केला नाही. हा आमचा दोष, आणि तो मला अजून सुटत नाही.

मग एक दिवस ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या पायातली चप्पल आतच राहिली होती आणि तिला ते कळलेही नव्हते. मी हसून चप्पल आणून दिली. त्याच संध्याकाळी तिने छातीभोवती कोणीतरी पट्टा आवळल्यासारखे वाटते असे सांगितले. दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढताना गुडघे दुमडू लागले आणि रात्री लघवी होईना. एमआरआय झाला तेव्हा तिचे पाय जवळजवळ गेलेले होते. स्टेरॉइड आणि रेडिएशन लगेच सुरू झाले. वेदना गेली, पायात थोडी संवेदना परतली, पण आधाराशिवाय ती पुन्हा कधी चालली नाही.

तुमच्या वडिलांच्या पाठीत नवे दुखणे सुरू झाले तर कृपया तारखेची वाट पाहू नका.


प्रतिसाद ४ : रेडिएशन विभागातील डॉक्टर

वरच्या प्रतिसादात चपलेचा जो प्रसंग आला आहे त्यातच मज्जारज्जू दबल्याची नेमकी ओळख आहे. बहुतेक रुग्णांत पाठदुखी आधी येते, पायांतील शक्ती नंतर जाते आणि लघवी-शौचावरचा ताबा सर्वांत शेवटी जातो. पाठदुखी आणि पाय लुळे पडणे यांमध्ये बहुधा काही दिवस ते काही आठवडे मिळतात, आणि जे काही वाचवायचे ते याच काळात. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालत असतो तो बहुतेक वेळा नंतरही चालतो. ज्याचे पाय आधीच गेलेले असतात त्यांपैकी थोडेच पुन्हा उभे राहतात. म्हणून अशी शंका आली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि २४ तासांच्या आत संपूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय व्हावा. केवळ दुखणाऱ्या भागाचा करून भागत नाही, कारण एकाहून अधिक ठिकाणी दाब असणे मुळीच दुर्मीळ नाही. एमआरआयची वाट पाहत असतानाच, बहुधा १६ मिलिग्रॅम, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केले जाते.

पुढे शस्त्रक्रिया की केवळ रेडिएशन हे मणका किती डळमळीत आहे, दाब कशाचा आहे आणि रुग्णाची एकूण प्रकृती कशी आहे यांवर ठरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एकाच ठिकाणी मज्जारज्जू दबलेल्या, निवडक रुग्णांत आधी शस्त्रक्रिया करून मग रेडिएशन दिल्यावर ८४ टक्के रुग्ण चालू शकले, तर केवळ रेडिएशन दिलेल्यांत ५७ टक्के. ‘निवडक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. प्रत्येक रुग्ण इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी योग्य नसतो. मणका खचून हाडाचा तुकडा मागे सरकला असेल तर मात्र रेडिएशनने तो जागेवर येणार नाही, हे लक्षात ठेवावे.

मांडीबद्दल थोडेसे. रॉड घातला तरी आतल्या रोगपेशी तेथेच असतात, त्यामुळे जखम भरल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, त्या भागावर रेडिएशन देण्याची पद्धत आहे. याच्या उलट, डळमळीत हाडावर केवळ रेडिएशन देऊन थांबणे धोक्याचे आहे: दुखणे कमी होते, रुग्ण भार टाकू लागतो आणि हाड तर अजून पूर्वीइतकेच कमकुवत असते.

ज्या हाडाला मोडण्याचा धोका नाही, फक्त वेदना आहे, तेथे ८ ग्रेची (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) एकच बैठक पुरते. दहा बैठकांत ३० ग्रे दिल्याने वेदना अधिक कमी होते असे आढळलेले नाही. फरक एवढाच की एका बैठकीनंतर पुढे कधीतरी पुन्हा रेडिएशन द्यावे लागण्याचे प्रमाण साधारण २० टक्के असते, तर अनेक बैठकांनंतर ८ टक्के. पूर्ण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत दुखणे उलट वाढू शकते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण उपचार फसला असे समजून खचतो, म्हणून मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगतो.


प्रतिसाद ५ : वेदनाशमन विभागातील परिचारिका

कॅल्शियमविषयी थोडे लिहिते, कारण घरच्यांच्या नजरेतून हीच गोष्ट सर्वांत जास्त निसटते. तहान वाढते, वारंवार लघवी होते, मळमळ होते, शौचाला होत नाही, माणूस पेंगुळतो आणि असंबद्ध बोलू लागतो. यातले जवळजवळ प्रत्येक लक्षण मॉर्फिनच्या किंवा आजाराच्या खात्यावर टाकता येते, आणि टाकले जातेही. मॉर्फिनने तहान थोडी वाढेल, पण पाच-सहा वेळा उठून भरपूर लघवी होणार नाही. असे दिसले की रक्ताची तपासणी करून घ्या.

त्या अहवालातही एक खाच आहे. आजारात अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी झालेले असते आणि त्यामुळे एकूण कॅल्शियमचा आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितक्या ग्रॅमने कमी, तितक्या पटीने ०.८ मिळवावे लागतात. समजा कॅल्शियम १०.२ आले, अहवालावर ‘सामान्य’ असा शिक्का आहे आणि अल्ब्युमिन २.५ आहे; तर दीड ग्रॅमचे १.२ मिळवून खरा आकडा ११.४ होतो, आणि तो सामान्य नाही. वाढलेल्या कॅल्शियमवर शिरेतून सलाइन आणि नंतर तेच झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. अशा वेळी चालू असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या थांबवायच्या असतात. इंजेक्शनसोबत घ्यायला सांगितल्या होत्या म्हणून त्या चालूच ठेवल्याचे मी पाहिले आहे.

वेदनेसाठी औषधांच्या दुकानातून घेतलेल्या दाहशामक गोळ्या रोज देऊ नका. त्या मूत्रपिंडावर भार टाकतात आणि मग इंजेक्शनच्या दिवशी क्रिएटिनिन वाढलेले निघते. मॉर्फिनला घाबरू नका, मात्र पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवेच.


मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिला प्रतिसाद वाचल्यावर त्याच संध्याकाळी पूर्ण मांडीचा एक्स-रे काढला. खुब्याखाली, हाडाच्या आतल्या बाजूला, जवळजवळ निम्मी जाडी पोखरलेली आहे. येथील अस्थिशल्यचिकित्सकांनी मायरेल्सचे ११ गुण सांगितले आणि परवा सकाळी लांब रॉड घालायचे ठरले आहे. वडील चाकांच्या खुर्चीत बसायला तयार नव्हते. डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, खुर्ची आणा.

माकडहाडातल्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल कर्करोगाच्या डॉक्टरांचेही म्हणणे हेच पडले की सध्या गोळी तीच ठेवून दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा. कमरेच्या मणक्यांचा एमआरआय शस्त्रक्रियेच्या आधीच, उद्या होणार आहे. कॅल्शियम ९.१ आणि अल्ब्युमिन ३.४ आले आहे. वर दिलेल्या रीतीने हिशोब केला तर ९.६ होते, म्हणजे त्याची काळजी नसावी.

दाढांचा प्रश्न मात्र राहिला आहे. मांडीची जखम भरेपर्यंत थांबून दाढा काढाव्यात, की रुग्णालयात दाखल असतानाच काढून घ्याव्यात?


प्रतिसाद १ : कर्करोगतज्ज्ञ

कॅल्शियमचा हिशोब बरोबर आहे. दाढा त्याच भूल देण्याच्या सत्रात काढू नका; तोंडातले जंतू रक्तात उतरून नव्या रॉडवर बसू शकतात. मांडीची जखम कोरडी झाली आणि टाके निघाले की दाढा काढा. त्या भरेपर्यंत रेडिएशनही उरकलेले असेल. इंजेक्शनला त्यामुळे पाच-सहा आठवडे उशीर होईल, आणि तेवढा उशीर चालेल. ओसिमर्टिनिब शस्त्रक्रियेच्या दिवशी घ्यायची का, हे भूलतज्ज्ञांना उद्याच विचारून ठेवा, आणि एमआरआयचा अहवाल आला की तो अस्थिशल्यचिकित्सकांच्या हाती स्वतः नेऊन द्या.